क्लस्टर उभा राहिला. हुन्नर वाढला काय?

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सरकारदरबारीं एका शब्दाची फार चलती झाली आहे. तो शब्द म्हणजे 'क्लस्टर'. कागदोपत्रीं त्यास 'समूह विकास' म्हणतात. पण फौंड्रीच्या भट्टीपासून मंत्र्यांच्या भाषणापर्यंत सर्वांच्या तोंडीं क्लस्टर हाच शब्द बसला आहे. एका गांवांत किंवा एका टापूंत एकाच धंद्याचे लहानमोठे कारखाने जमलेले असले, म्हणजे त्या सर्वांच्या उपयोगीं पडेल असें एक सामाईक केंद्र बहुतेक सरकारी पैशानें उभारून द्यावयाचें, हा त्याचा सरळ अर्थ. एकट्या कारखानदारास न परवडणारें यंत्र, माल तपासण्याची प्रयोगशाळा, सांडपाण्याची सोय, असल्या गोष्टी त्यांत येतात. कल्पना वाईट नाहीं. चार घरांनीं मिळून एक गुऱ्हाळ चालवावें, एकाच काहिलींत पाळीपाळीनें रस कढवावा, ही रीत आमच्या शेतकऱ्यांस कोणीं शिकवावी लागली नाहीं.

परंतु पैसा कोणाचा ? काडेपेटीपासून मोबाईलच्या रिचार्जपर्यंत जो कर आपण मुकाट्यानें भरतों, त्यांतूनच हीं केंद्रें उभीं राहतात. तेव्हां त्या पैशानें हुन्नर वाढला काय, तेवढ्याच घामांत माल अधिक व चांगला निघूं लागला काय, आणि निघाला असल्यास त्यांतला वांटा भट्टीपुढें उभा राहणाऱ्याच्या घरीं पोंचला काय, हें विचारण्याचा हक्क शेतकरी-कारागिरांस आहे. उद्घाटनाच्या दिवशीं फीत कापतांना हा प्रश्न कोणी काढीत नाहीं. आम्ही शाळामास्तर, व्यापारांत आमची अक्कल ती किती! पण परीक्षा घेणें हा आमचा धंदा आहे, आणि ज्यानें वर्षभर फी दिली त्यास निकाल दाखविला पाहिजे एवढें आम्हांस कळतें.

प्रथम घरचा दाखला घेऊं. इचलकरंजीस १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं पहिला यंत्रमाग बसविला. त्या वेळीं तेथें जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा अंमल होता, आणि उद्योगास त्यांचा आश्रय होता. कोल्हापुरास राजर्षि शाहू छत्रपतींनीं १८९५ सालीं शाहूपुरीची पेठ वसवून गुळाच्या व्यापारास जागा करून दिली, १९०६ सालीं कापडाची गिरणी काढली, आणि राधानगरीच्या धरणाचें काम त्यांच्याच कारकीर्दींत सुरूं झालें. औंध संस्थानच्या मुलुखांत १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. ह्या तिन्ही ठिकाणीं राजसत्तेचा हात होता हें खरें. पण तो हात कसा होता तें पाहावें. जागा दिली, पेठ दिली, पाणी दिलें. माग कसा चालवावा आणि सांचा कसा भरावा हें सांगावयास दरबारचा कारकून आला नाहीं. पाणी आलें म्हणून ऊंस वाढला, ऊंस वाढला म्हणून चरक आला, चरकास आणि मोटेच्या जागीं इंजिन आलें. इंजिन बिघडलें म्हणून तें उघडणारा मिस्त्री आला. उघडतां उघडतां तसेंच दुसरें घडविणारा निघाला, आणि त्यास लागणारें ओतकाम करणारी फौंड्री त्याच्या शेजारीं उभी राहिली. कोल्हापूरचें शिवाजी उद्यमनगर अशा मिस्त्र्यांच्या हातांतून वाढलें आहे. शिरोली, गोकुळ शिरगांव, कागल-हातकणंगले येथल्या औद्योगिक वसाहती त्यानंतरच्या. त्या बसविणारें महामंडळच मुळीं १९६२ सालचें. म्हणजे हुन्नर आधीं, वसाहत मागून.

एका जागीं जमल्यानें धंद्यास बळ येतें, हें इंग्लंडांतील आल्फ्रेड मार्शल नांवाच्या अर्थशास्त्रज्ञानें १८९० सालच्या आपल्या ग्रंथांत मांडलें आहे. आमच्या कुंभारवाड्यास हें सांगावयास मार्शलसाहेब नकोत. चाकाशेजारीं रांगणारें पोर माती किती भिजवावी हें शाळेंत नांव घालण्यापूर्वींच शिकलेलें असतें. पण ह्या शेजाराची दुसरी बाजूही आहे. शेजाऱ्याचें पाहून शिकतां येतें, तसा शेजाऱ्याचें पाहून भावही पाडतां येतो. एकानें पदरचा पैसा घालून नवा नमुना काढला, कीं आठ दिवसांत दहा जण तोच नमुना दोन पैसे कमी भावानें बाजारांत मांडतात. पुढच्या खेपेस तो पहिला शहाणा होतो आणि नवा नमुना काढण्याच्या फंदांतच पडत नाहीं. सगळेच एकमेकांकडे पाहत बसतात. म्हणून नवें शोधण्याचा, तपासण्याचा आणि शिकविण्याचा खर्च सर्वांच्या वतीनें कोणी तरी उचलावा लागतो. सरकारनें मध्यें पडण्याचें खरें कारण हें आहे, आणि तें आम्हांस मान्य आहे.

आतां सरकारनें काय केलें ? सूक्ष्म व लघु उद्योगांच्या समूह विकासाची केंद्र सरकारची योजना २००७ सालीं ह्या नांवानें सुरूं झाली. २०१० च्या नियमांप्रमाणें १५ कोटी रुपयांपर्यंतच्या सामाईक केंद्रास खर्चाच्या शेंकडा ७० पर्यंत रक्कम केंद्राकडून मिळे. २०२२ च्या नियमांत ३० कोटींपर्यंतचे प्रकल्प घेतले, आणि मोठ्या प्रकल्पास हा वांटा शेंकडा ६० ठरविला. परंपरागत कारागिरांसाठीं 'स्फूर्ति' नांवाची योजना २००५-०६ सालीं निघाली. कापडाच्या पार्कांसाठीं २००५ सालीं निराळी योजना झाली. तींत शेंकडा ४० आणि जास्तींत जास्त ४० कोटी असा सरकारचा वांटा होता. २००८-०९ च्या अंदाजपत्रकांत यंत्रमागाच्या मोठ्या क्लस्टरसाठीं भिवंडी व तामिळनाडूंतील इरोड हीं गांवें निवडलीं. मिळून पाहतां रक्कम लहान नाहीं.

जागा दिली, शेड दिली, शेजार दिला, कीं हुन्नर आपोआप वाढतो, अशी एक समजूत ह्या सगळ्यांच्या मुळाशीं आहे. ती कितपत खरी, हें आमच्याच महाराष्ट्रांतील तारापूरनें दाखविलें आहे. पालघर जिल्ह्यांतील ही वसाहत सरकारनेंच वसविलेली. तेथल्या आणि गुजराथेंतील उंबरगांवच्या सतरा कापड-कंपन्यांवर परदेशच्या विद्यापीठांतील अर्थशास्त्रज्ञांनीं २००८ पासून एक प्रयोग केला. त्याचा वृत्तांत २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं कंपन्यांस कित्येक महिने फुकट सल्लागार दिले, बाकीच्यांची नुसती तपासणी केली. सल्ला तरी काय मोठा ? जमीन झाडून घ्या, हत्यारें जागच्या जागीं ठेवा, सूत मोजून लिहून ठेवा, कोणत्या मागावर किती खोड निघाली तें रोज मांडा, माग बिघडण्याआधीं त्याची देखभाल करा. एवढ्यावर पहिल्या वर्षांतच उत्पादकता शेंकडा १७ नें वाढली. भिंतीला भिंत लावून वर्षानुवर्षें बसलेल्या ह्या गिरण्या. ह्यांतली एकही गोष्ट गुप्त नव्हती, एकीलाही पैसा लागत नव्हता. तरी शेजाऱ्याचें पाहून कोणी शिकला नाहीं, कारण शेजारीही तसाच होता. पुढें कांहीं वर्षांनीं पुन्हां पाहिलें तेव्हां सुधारणांपैकीं निम्म्याच्या आसपास सोडून दिलेल्या आढळल्या, तरी सल्ला मिळालेल्या व न मिळालेल्या गिरण्यांतलें अंतर टिकून होतें. आम्हांस ह्यांत नवल वाटत नाहीं. एका बांकावर बसविल्यानें दोन्ही पोरांस गणित येतें असें थोडेंच आहे ? दोघांसही येत नसलें तर दोघेही एकमेकांची चूक उतरवून घेतात.

आतां बाहेरच्या देशांत सरकारनें पैसा ओतून काय पदरांत पाडलें तें पाहूं. फ्रान्सच्या सरकारनें १९९९ च्या सुमारास स्थानिक उद्योग-समूहांस मदत देण्याची योजना काढली. पुढें तिचे आंकडे तीन अर्थशास्त्रज्ञांनीं कारखान्यागणिक तपासले व २०११ सालीं निष्कर्ष मांडला, तो असा कीं, मदत मिळाली ती बहुशः मागें पडत चाललेल्या टापूंस व धंद्यांस, आणि तिच्यामुळें कारखान्यांची उत्पादकता वाढली असें दिसलें नाहीं. बुडत्यास हात द्यावा हें माणुसकीचें आहे. पण त्यास दोर द्यावा कीं फुलांचा हार, हा प्रश्न उरतोच. जपाननें २००१ सालीं अशीच योजना सुरूं केली. तेथल्या २२९ लहान कारखान्यांच्या तपासणींत आढळलें कीं, नुसतें योजनेंत नांव घातल्यानें संशोधनाचें फळ वाढत नाहीं. ज्यांनीं आपल्या टापूच्या बाहेरच्या लोकांशीं हातमिळवणी केली, त्यांस फायदा झाला. जर्मनींतील बव्हेरिया प्रांताचा दाखला मात्र बरा आहे. तेथें १९९९ सालीं सरकारनें निवडक धंद्यांसाठीं संशोधन-संस्था, विद्यापीठें व कारखाने यांची सांगड घालून दिली. त्या धंद्यांतील कारखान्यानें कांहीं नवें काढण्याचा संभव शेंकडा ४.६ ते ५.७ अंशांनीं वाढला, आणि संशोधनावरचा त्यांचा स्वतःचा खर्च मात्र सरासरीनें शेंकडा १९.४ नें उतरला. म्हणजे कमी खर्चांत अधिक नवें. कारण उघड आहे. जें एकेकट्यानें चांचपडत शोधावयाचें, तें जाणत्याच्या दाराशीं जाऊन विचारण्याची वाट सरकारनें मोकळी केली. इमारतींस दिलेला पैसा आणि वाटेस दिलेला पैसा, ह्यांत इतका फरक पडतो.

पण ह्या सर्वांहून आम्हांस विचार करावयास लावणारा दाखला पाकिस्तानांतील सियालकोटचा आहे. हातशिलाईच्या फुटबॉलांचें हें जुनें ठाणें. कारखाने पुष्कळ, सगळे एका गांवांत. नेहमींच्या फुटबॉलास बत्तीस तुकडे लागतात. वीस षट्कोनी आणि बारा पंचकोनी. हे तुकडे रेक्झिनच्या पत्र्यांतून ठशानें कापून काढावयाचे. षट्कोन एकमेकांस चिकटून बसतात, त्यामुळें त्यांत माल वांया जात नाहीं. पंचकोन तसे बसत नाहींत, मध्यें फटी राहतात. कांहीं संशोधकांनीं पंचकोन तिरपे मांडून कापणारा नवा ठसा तयार केला. जुन्या ठशानें एका पत्र्यांतून सुमारें २५० पंचकोन निघत, नव्यानें सुमारें २७२ निघूं लागले. ठसा स्वस्त, बचत उघड. हा ठसा त्यांनीं ३५ कारखान्यांस फुकट दिला. पंधरा महिन्यांनीं पाहतात तों पांचच कारखाने तो वापरीत होते !

मालक मूर्ख होते काय ? मुळींच नव्हे. कापणाऱ्या कामगारास मजुरी नगावर मिळे. नवा ठसा हातास बसेपर्यंत काम सावकाश होई, म्हणजे त्याची रोजची कमाई घटे. आणि वांचलेल्या रेक्झिनचा पैसा जाई मालकाच्या पेटींत. मग त्यानें काय करावें ? त्यानें मालकास सांगितलें कीं ठसा बरोबर नाहीं. मालक स्वतः कापीत नव्हता. त्यानें तें खरें मानलें. हें उमजल्यावर संशोधकांनीं कांहीं कारखान्यांत दुसरा प्रयोग केला. एका कापणाऱ्यास व एका छपाई करणाऱ्यास, नवी रीत मालकासमक्ष करून दाखविल्यास सुमारें एका महिन्याच्या मजुरीएवढी रक्कम देऊं केली. तेवढ्या लहानशा रकमेनें तेथें नवा ठसा वापरण्याचें प्रमाण पुष्कळ वाढलें. हा वृत्तांत २०१७ सालीं प्रसिद्ध झाला आहे. कोट्यवधींची इमारत जें करूं शकली नसती, तें कामगाराच्या एका महिन्याच्या पगारानें केलें. कामगार नव्या यंत्राच्या आड येतो, तो अडाणी आहे, असें ज्यांच्या तोंडीं नेहमीं असतें, त्यांनीं हें पुन्हां एकदां वाचावें. तो अडाणी नाहीं. त्यास आपला हिशेब चांगला येतो.

हाच हिशेब इचलकरंजीस लावून पाहा. तेथें कामगाराची मजुरी पिकावर व मीटरवर ठरते. बावन्न पिकास अमुक पैसे असा करार होतो. साध्या मागाच्या जागीं धोटाविरहित माग आला, कापड जलद निघूं लागलें, एका माणसाकडे अधिक माग आले. उत्पादकता वाढली असें आपण पाटीवर लिहिलें. पण त्याबरोबर मीटरचा दर उतरला आणि दोन माणसांचें काम एकाकडे आलें, तर ती वाढ कोणाच्या ताटांत पडली ? कांड्या भरणाऱ्या बाया आणि वहिफणीचे कामगार ह्यांचें नांव तर कोणत्याही प्रकल्प-अहवालाच्या पहिल्या पानावर नसतें. आणि लहान मागवाला तरी सुखी आहे काय ? त्यांतले पुष्कळ 'खर्चीवाले'. व्यापारी सूत देतो, हा विणून देतो, मजुरी घेतो. ज्याचें सूत नाहीं आणि ज्याचें कापड नाहीं, त्यानें नवा नमुना काढावा तो कोणासाठीं ? नमुना चालला तर नफा व्यापाऱ्यास, फसला तर मजुरी कापली जाणार खर्चीवाल्याची. अशा माणसापुढें 'नवनिर्मिती करा' म्हणून व्याख्यान झोडणें म्हणजे कूळकायद्याच्या आधींच्या कुळास बांध घालावयास सांगण्यासारखें आहे. त्यास आधीं स्वतःचें सूत घेण्यापुरतें भांडवल आणि स्वतःचें कापड विकण्यापुरतें दुकान पाहिजे. क्लस्टरच्या केंद्रानें सुताची एकत्र खरेदी केली आणि मालाचा नमुना परगांवच्या गिऱ्हाइकापुढें नेला, तर नवें यंत्र न आणतांही तेथें नवें कापड निघूं लागेल असें आमचें मत आहे.

ह्या केंद्रांची मालकी कोणाकडे असते हेंही पाहण्यासारखें आहे. नियमाप्रमाणें कारखानदारांनीं एक कंपनी काढावयाची, तिला 'एस. पी. व्ही.' असें तोंडांत न मावणारें नांव आहे. तींत कारखानदारांनीं आपला वांटा घालावयाचा, आणि २०१० च्या नियमांत एका सभासदाकडे शेंकडा १० हून अधिक भाग नसावेत अशी अट होती. अट चांगली. पण चुलता, पुतण्या, मेहुणा आणि सून अशीं पांचसहा नांवें एकाच वाड्यांतून निघूं शकतात, हें नियम करणाऱ्यांस ठाऊक नसावें. ज्याच्यापाशीं एकच भट्टी किंवा चारच माग आहेत, त्यास भागाची रक्कम एकदम भरतां येत नाहीं. मग तो सभासद नाहीं, मग त्यास यंत्राची पाळी शेवटीं. आमच्या ओळखीच्या एका गांवीं असें एक केंद्र आम्ही पाहिलें आहे. गांवाचें नांव घेत नाहीं. इमारत सुरेख, दारापुढें फरशी, भिंतीवर फलक इंग्रजींत. आंतलें तपासणीचें यंत्र मेणकापडाखालीं झांकलेलें. चालविणारा माणूस सोडून गेला, दुसरा त्या पगारावर येत नाहीं, आणि विजेचा ठराविक आकार दरमहा चालूच. यंत्रास अनुदान होतें. यंत्र चालविणाऱ्यास नव्हतें. घोडें दिलें, चाऱ्याचें विसरले.

येवढें ऐकून कोणी म्हणेल, मग सरकारनें हात काढून घ्यावा, बाजार पाहून घेईल. आमचें म्हणणें तसें नाहीं. तामिळनाडूंतील तिरुपूरची गोष्ट ऐका. बनियन व विणलेले कपडे परदेशीं पाठविणारें हें मोठें ठाणें. शेंकडों रंगारी कारखान्यांचें पाणी नोय्यल नदींत गेलें, आणि नदीकांठच्या शेतकऱ्यांचीं शेतें व विहिरी नासल्या. शेतकरी कोर्टांत गेले. २०११ च्या जानेवारींत मद्रास हायकोर्टानें रंगाईचे कारखाने बंद करण्याचा हुकूम दिला. शेतकऱ्याचें पाणी गेलेंच होतें, आतां कामगाराचा रोजगारही गेला. एकट्या रंगाऱ्यास तें पाणी शुद्ध करण्याचा खर्च झेपणारा नव्हता. सामाईक केंद्रांशिवाय गत्यंतर नव्हतें, आणि राज्य सरकारनें बिनव्याजी कर्ज दिलें तेव्हां तीं केंद्रें पाणी बाहेर न सोडण्याच्या नव्या रीतीनें चालूं लागलीं. बाजाराच्या भरंवशावर बसले असते तर नदी आणि धंदा दोन्ही गेलीं असतीं. इचलकरंजीच्या रंगाई-धुलाईच्या पाण्याचें आणि पंचगंगेचें नातें ज्यांस ठाऊक आहे, त्या नदीकांठच्या आमच्या शेतकरी बांधवांस ह्याहून अधिक सांगणें नको. कारागिराच्या घरचा रंग शेतकऱ्याच्या विहिरींत उतरूं नये, ह्यासाठीं सरकारचा पैसा लागला तर तो जरूर लागावा.

कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांनीं क्लस्टरच्या योजनेंतून वापरलेली वाळू पुन्हां कामास आणण्याचें सामाईक केंद्र काढलें, तेंही ह्याच जातीचें काम आहे. ओतकामास वाळू ढिगांनीं लागते. सांचा एकदां ओतला कीं ती जळते, रसायनानें माखते. ती टाकावयाची कोठें ? कोणाच्या तरी पडीक रानांत. आणि नवी आणावयाची म्हणजे कोठलें तरी रान किंवा पात्र पुन्हां खणावयाचें. ती वाळू भाजून-घोळून परत वापरली तर खर्च वांचतो, रान वांचतें; आणि हें काम एका लहान फौंड्रीनें एकटीनें करण्याजोगें नाहीं. प्रयोगशाळेचेंही तसेंच. ओतलेल्या लोखंडांत कशाचें प्रमाण किती आहे हें कागदावर दाखविल्याशिवाय मोठा गिऱ्हाईक दारांत उभा करीत नाहीं. तो दाखला गांवांतच मिळाला, तर लहान फौंड्रीवालाही मोठ्याच्या बरोबरीनें बोलूं शकतो. गांव करी तें राव न करी म्हणतात. येथें गांवास रावाची जोड पाहिजे, एवढेंच.

कोल्हापुरी चपलेकडे ह्याच नजरेनें पाहावें. २०१९ सालीं तिला भौगोलिक ओळखीचें प्रमाणपत्र मिळालें; कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आमचे चार जिल्हे आणि कर्नाटकांतले चार, अशा आठांच्या नांवें तें आहे. २०२५ च्या जूनमध्यें इटलींतील एका बड्या कंपनीनें मिलान शहरांत तसल्याच चपला मांडल्या, आणि ओरड झाल्यावर त्यांचें मूळ कोठलें तें कबूल केलें. त्याच वर्षींच्या डिसेंबरांत महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या चर्मोद्योग महामंडळांशीं तिनें २,००० जोड येथें करवून घेण्याचा करार केला. एका जोडाची किंमत सुमारें ८०० युरो. त्यांतले चामडें कमावणाऱ्यास किती आणि वेणी विणणाऱ्या बाईस किती, हें करारांतल्या कोणत्या कलमांत आहे, तें महामंडळानें त्या घरांपुढें वाचून दाखवावें. हुन्नर त्यांचाच आहे; नवा नमुना निघाला तर तोही त्यांच्याच हातून निघणार.

तेव्हां ज्या गांवीं क्लस्टर झाला आहे किंवा होऊं घातला आहे, तेथल्या लोकांनीं अनुदान किती आलें हें विचारून थांबूं नये. यंत्र महिन्याला किती तास चाललें आणि त्यांतले किती तास भाग नसलेल्या लहान माणसाच्या कामीं आले, हें विचारावें. अनुदानाचे हप्तेही इमारतीच्या फोटोवर न देतां ह्या तासांवर द्यावेत, अशी मागणी आमदारांपाशीं करावी. चालविणाऱ्याचा पगार निदान पांच वर्षें प्रकल्पाच्या खर्चांत धरावा. तारापुरास जसे सल्लागार गेले तसा एखादा जाणता मनुष्य शेडोशेडीं हिंडावा. जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतलीं पोरें सुटींत तेथें राबावीं, आणि वर्षांतून एकदां दोन मिस्त्री व दोन कामगार परप्रांतांतलें दुसरें ठाणें पाहून यावेत. मालकाबरोबर कामगार गेला नाहीं तर ठसा कसा चालतो हें मालक पाहून येईल, पण चालविणार कोण ? नवी रीत शिकतांना ज्याची नगावरची मजुरी बुडते, त्यास ती भरून द्यावी. हा खर्च फरशीच्या खर्चापुढें कांहींच नाहीं.

आणि यंत्राच्या वेळेची व आकाराची नोंदवही केंद्राच्या दारांत, मराठींत, उघडी टांगलेली असावी. ज्या घरीं बापास वाचतां येत नसेल, त्या घरची सातवींतली पोर शाळा सुटल्यावर जातां जातां ती वाचील, आणि घरीं जाऊन सांगेल कीं ह्या महिन्यांत आपली पाळी लागली होती किंवा नव्हती.